सृष्टीच्या वेशीबाहेरचं : जॉन कार्पेंटरची प्रलयत्रयी पहिल्यांदा पाहताना

अमेरिकन दिग्दर्शक जॉन कार्पेंटर म्हटलं की बहुतेकांना १९७८ चा 'हॅलोवीन' आठवतो. पांढरा मुखवटा, सुरी, पियानोची ती टोचत राहणारी धून. पण कॉस्मिक हॉररकडे, म्हणजे ज्या अफाट विश्वात माणसाला काहीच किंमत नाही त्याच्या भीतीकडे, वळायचं असेल तर त्याचे दुसरे तीन चित्रपट पाहायला हवेत : 'द थिंग' (१९८२), 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९८७) आणि 'इन द माउथ ऑफ मॅडनेस' (१९९४). तिन्हींच्या कथा वेगळ्या, पात्रं वेगळी, एकातलं दुसऱ्यात काहीच येत नाही. तरी खुद्द कार्पेंटरच त्यांना एकत्र 'अपोकॅलिप्स ट्रिलॉजी' म्हणतो. मी पुढे तिला प्रलयत्रयी म्हणते.

मी हे तिन्ही चित्रपट उलटसुलट क्रमाने आणि वाईट प्रतींतून पाहिले. कॉलेजात असताना आधी 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' हाती लागला. भुताचा सिनेमा समजून लावला आणि पाऊण तासात बंद केला. 'द थिंग' पाहिला तो केबलवर, दोन्ही बाजूंनी कापलेल्या चौकटीत, रक्त आलं की कात्री लावलेला. तिसऱ्याचा शेवट तर कुठेतरी आधीच वाचून बसले होते. बऱ्याच वर्षांनी तिन्ही क्रमाने आणि पूर्ण पाहिले तेव्हा कळलं, किती काय निसटलं होतं. तुमचं ते निसटू नये म्हणून हा खटाटोप. पायरी ७ सोडली तर कुठेही रहस्य फोडलेलं नाही. ती पायरी तिन्ही पाहून झाल्यावरच वाचा.

हाताशी काय हवं

- तिन्ही चित्रपटांच्या न कापलेल्या, रुंद पडद्याच्या प्रती
- फोनपेक्षा मोठा पडदा. लॅपटॉप चालेल, पण खोलीत पूर्ण अंधार हवा
- बरे हेडफोन किंवा स्पीकर. खर्जाचे सूर फोनच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाहीत
- इंग्रजी सबटायटल. पहिल्या चित्रपटात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, दुसऱ्यात भौतिकशास्त्राची चर्चा आहे
- तीन मोकळ्या रात्री, सलग नकोत
- 'द थिंग'साठी शक्यतो दोनतीन माणसांची सोबत

लहान मुलांना जवळ बसवू नका. पहिल्या चित्रपटातली शरीरांची मोडतोड आजही पोटात कालवते. घरात कुत्रा असेल, किंवा नुकताच गेला असेल, तर तिथला कुत्र्यांच्या खोलीतला प्रसंग जड जाईल, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी १ : 'बाहेरचं' म्हणजे किती बाहेरचं, ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग "यात भीतीदायक काय आहे?" असं विचारतात.

आपण भुताच्या गोष्टींवर वाढलो आहोत. त्या गोष्टींत भुताला एक हकीकत असते. कुणाची इच्छा अपुरी राहिलेली असते, कुणाची विहिरीत ढकलून हत्या झालेली असते. कारण असतं म्हणून उतारा असतो. नारळ, लिंबू, अंगारा, नाहीतर वेशीवरचा राखणदार. "त्याला बाहेरचं लागलंय" असं आपण म्हणतो तेव्हा ते बाहेरचं फार तर गावाच्या वेशीबाहेरचं असतं. त्याला आपलं नाव ठाऊक असतं आणि त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं.

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९० ते १९३७) या अमेरिकन लेखकाने जी भीती कागदावर उतरवली तिच्यातलं बाहेरचं सृष्टीच्याच वेशीबाहेरचं आहे. त्याला माणसाशी वैर नाही, कारण माणूस त्याच्या खिजगणतीतच नाही. त्याला हकीकत नाही, म्हणून उतारा नाही. लव्हक्राफ्टच्या कथांत माणसं मरतात त्याहून जास्त वेळा सत्य कळल्यामुळे वेडी होतात.

मला हा फरक गीतेच्या अकराव्या अध्यायावरून समजला. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला दिशा कळेनाशा होतात, त्या अक्राळविक्राळ मुखांत योद्धे शिरताना दिसतात आणि तो थरथरत विनवतो, की देवा, तुझं नेहमीचं रूप दाखव. देव ते दाखवतो. विश्वरूप समोर आहे, दिशा हरवल्या आहेत, पण विनवायला समोर कुणी नाहीच, अशी कल्पना करा. कार्पेंटरचे हे तीन चित्रपट तिथे घडतात.

नारायण धारप वाचलेले असतील तर तुम्ही या वाटेवर आधीच थोडे चालला आहात. त्यांच्याकडेही मानवी जगाच्या पलीकडून आत घुसू पाहणाऱ्या शक्ती येतात. मात्र धारपांच्या जगात त्यांच्याशी झुंजणारे समर्थ हे पात्र असतं. इथे समर्थ नाहीत, एवढं मनाशी पक्कं करून बसा.

पायरी २ : बरोबर चित्रपट आणि बरोबर प्रत शोधा

नावाचा घोटाळा आधी सोडवू. 'द थिंग' शोधलंत की २०११ चा त्याच नावाचा चित्रपटही समोर येतो. तो १९८२ च्या चित्रपटाची पूर्वकथा आहे आणि कार्पेंटरचा नाही. तो आधी पाहिलात तर मूळ चित्रपटाचा पहिला अर्धा तास वाया गेला म्हणून समजा. १९५१ चाही एक आहे, हॉवर्ड हॉक्सने निर्मिलेला. त्याची आणि कार्पेंटरच्या चित्रपटाची मूळ कथा एकच, जॉन डब्ल्यू. कॅम्बेलची १९३८ साली छापून आलेली दीर्घकथा. तो नंतर कधीतरी पाहा. वर्ष आणि दिग्दर्शक या दोन गोष्टी तपासल्याशिवाय प्ले दाबू नका.

दुसरी तपासणी चौकटीची. कार्पेंटर खूप रुंद चौकटीत चित्रीकरण करतो आणि ती रुंदी तो वापरतो. तुमच्या टीव्हीवर चित्रपट लावल्यावर वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. पडदा कडेपर्यंत भरलेला दिसला तर बाजूचं कापलेलं आहे. एरवी हे चालून जाईल, पण 'द थिंग'मध्ये एक माणूस बोलत असताना डाव्या टोकाला दुसरा गप्प उभा असतो, आणि तो गप्प का आहे हाच प्रश्न असतो. कापलेल्या प्रतीत तो माणूसच नसतो.

अमेरिकन टीव्हीसाठी 'द थिंग'ची एक वेगळी आवृत्तीही केली गेली होती. तिच्यात निवेदकाचा आवाज घातलेला आहे आणि शेवटाशी खेळ केलेला आहे. सुरुवातीलाच कुणी पात्रांची ओळख करून द्यायला लागलं तर बंद करा. मूळ चित्रपट १०९ मिनिटांचा आहे.

पायरी ३ : 'द थिंग' पासूनच सुरुवात करा

अंटार्क्टिका, हिवाळ्याचं तोंड, अमेरिकन संशोधन तळावर बारा पुरुष. बर्फावरून एक कुत्रा धावत येतो आणि त्याच्यामागे नॉर्वेजियन हेलिकॉप्टर, त्यातून कुत्र्यावर गोळ्या झाडल्या जात आहेत. कुत्र्याच्या जिवावर कुणी का उठावं? सुरुवात एवढीच. पुढे कळतं, की तळात असं काहीतरी शिरलं आहे जे ज्या सजीवाला गिळतं त्याचं हुबेहूब रूप घेतं. बारांपैकी कोण अजून माणूस आहे, कुणालाच ठाऊक नाही.

राक्षसाकडे नका पाहू, माणसांमधल्या अंतराकडे पाहा. कोण कुणाच्या पाठीमागे उभं राहतं, चहाकॉफीचा पेला कोण कुणाच्या हातून घेतं, खोलीतून एक जण बाहेर गेला की उरलेले काय करतात. मध्येच ब्लेअर हा जीवशास्त्रज्ञ संगणकापुढे एकटा बसतो. पडद्यावर हिशेब येतो : हा जीव वस्तीपर्यंत पोचला तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत जगातली सगळी माणसं बाधित होतील. २७,००० तास म्हणजे तीन वर्षं आणि वर थोडे दिवस. संपूर्ण चित्रपटात जगाचा अंत दिसतो तो एवढाच, एका हिरवट पडद्यावरच्या एका ओळीत. ब्लेअरचा चेहरा मात्र त्यानंतर पहिल्यासारखा राहत नाही.

रक्ताच्या परीक्षेचा प्रसंग येईल तेव्हा मध्ये थांबवू नका, पाणी प्यायला उठू नका. मॅकरेडी (कर्ट रसेल) माणसांना बांधून ठेवतो, प्रत्येकाचा अंगठा कापून रक्त काचेच्या बशीत घ्यायला लावतो, तांब्याची तार ज्योतीवर लाल करतो आणि एकेका बशीत टेकवतो. चर्र. पुढचा. तार पुन्हा ज्योतीवर. चर्र. कार्पेंटर या प्रसंगात संगीत जवळजवळ वापरतच नाही. आम्ही चार भावंडं एका दिवाणावर खेटून बसलो होतो. प्रसंग संपला तेव्हा पाहिलं, तर आमच्या धाकट्या आतेभावाने स्वतःच्या आणि माझ्या मध्ये उशी उभी करून ठेवली होती. कधी ठेवली, त्यालाही आठवेना.

जीवाची रूपं रॉब बॉटिनने घडवली, काम सुरू केलं तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता. संपेपर्यंत इतका थकला की त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. कुत्र्याचं पहिलं रूपांतर स्टॅन विन्स्टनच्या चमूने केलं. जीवाच्या रूपांत संगणकावरचं चित्र कुठेही नाही, जे दिसतं ते जवळजवळ सगळं रबर, रसायनं आणि यंत्रं यांचं आहे आणि सेटवर खरोखर समोर होतं. संगीत एन्यो मोरिकोनेचं. खर्जातले दोन ठोके, थांबा, पुन्हा दोन ठोके. हेडफोन हवेत ते त्यासाठी.

या चित्रपटाचं प्रदर्शन झालं २५ जून १९८२ ला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता आणि परग्रहावरचा गोड पाहुणा प्रेक्षकांच्या मनात घर करून बसला होता. समीक्षकांनी 'द थिंग'ला घाण म्हटलं, मोरिकोनेच्या संगीताला वर्षातल्या सर्वांत वाईट संगीतासाठीचं रॅझी नामांकन मिळालं आणि कार्पेंटरच्या हातातलं पुढचं काम गेलं. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. नंतर माणसं हळूहळू परत आली. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर हिवाळ्यासाठी मागे राहणारी मंडळी शेवटचं विमान गेल्यावर हा चित्रपट एकत्र पाहतात.

सापळा : संपल्या संपल्या "शेवटी माणूस कोण होतं" याची स्पष्टीकरणं शोधू नका. श्वासाची वाफ, डोळ्यांतली चमक असे शेकडो पुरावे लोकांनी काढले आहेत. निदान एक रात्र तरी तो प्रश्न तसाच राहू द्या.

पायरी ४ : दोन दिवस जाऊ द्या

एकापाठोपाठ एक पाहण्याचा मोह होतो. नको. दुसरा चित्रपट संथ आहे आणि 'द थिंग'नंतर लगेच लावला तर कंटाळवाणा वाटेल. मीही असाच कंटाळून बंद केला होता. या दोन दिवसांत लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही १९२७ सालची कथा वाचा. एका शेतात उल्का पडते आणि मग पिकं, जनावरं, माणसं यांचं काय होतं, एवढीच गोष्ट. लव्हक्राफ्ट वाचताना त्याचा वर्णद्वेषही समोर येईल. तो त्याच्या लेखनात खराखुरा आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पायरी ५ : 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' धीराने पाहा

पहिल्या चित्रपटाने शेजारच्या माणसावरचा भरवसा काढून घेतला. दुसरा देव आणि विज्ञान दोन्हींवर हात टाकतो.

लॉस एंजेलिसमधल्या एका पडक्या चर्चच्या तळघरात, मेणबत्त्यांच्या उजेडात, एक काचेचं उंच पात्र आहे. आत हिरवा द्रव गरागरा फिरतो आहे. एका गुप्त पंथाने शतकानुशतकं तो राखला. आता राखणारा शेवटचा धर्मगुरू वारला आहे. त्याच्या जागी आलेला धर्मगुरू (डॉनल्ड प्लेझन्स) घाबरून धावतो तो एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे. प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन, संगणक आणि यंत्रं लादून, चर्चमध्ये मुक्कामाला येतो. जुन्या पोथीत मंत्र सापडतील असं वाटतं आणि सापडतात डिफरन्शियल समीकरणं. मला वाटतं, कॉस्मिक हॉररमधल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे : सैतान खरा आहे आणि तो गणितात मांडता येतो. मांडता आला म्हणून थांबवता येतो, असं मात्र नाही.

पहिला अर्धा तास श्रेयनामावली, वर्गातली व्याख्यानं आणि चर्चबाहेर गोळा होणारी बेघर माणसं यांत जातो. त्या माणसांचा पुढारी म्हणजे रॉक गायक अॅलिस कूपर, आणि त्याला एक शब्दही बोलायला दिलेला नाही. प्राध्यापकाचं व्याख्यान लक्ष देऊन ऐका. अणूच्या आत उतरलं की आपलं रोजचं तर्कशास्त्र चालत नाही, असं तो म्हणतो. पुढचा अख्खा चित्रपट त्या वाक्याची प्रचीती आहे. मग थेंब छताकडे पडायला लागतात. कार्पेंटर ते मोठं करून दाखवत नाही, एक थेंब वर जातो आणि कॅमेरा पाहत राहतो.

स्वप्नाचा प्रसंग या चित्रपटाचा प्राण. चर्चमध्ये जो झोपतो त्याला एकच स्वप्न पडतं : खराब सिग्नलसारखं थरथरणारं चित्र, चर्चचं दार, दारातून येणारी काळी आकृती आणि घोगरा आवाज, की हे स्वप्न नाही, हा १९९९ मधून पाठवलेला संदेश आहे. ते चित्र व्हिडिओवर टिपून, टीव्हीच्या पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेलं आहे. प्रत्येक वेळी स्वप्न थोडं पुढे सरकतं. किती पुढे, ते मोजत राहा.

सापळा : याच्या लेखकाचं नाव मार्टिन क्वाटरमास असं दिसेल. असा कुणी लेखक नाही, ते कार्पेंटरचंच टोपणनाव. ब्रिटिश लेखक नायजेल नील याच्या क्वाटरमास या शास्त्रज्ञ पात्राला केलेला हा नमस्कार आहे. आणखी एक, ख्रिस्ती श्रद्धेबद्दल चित्रपटात जी मांडणी आहे ती श्रद्धाळू माणसाला दुखवू शकते. घरी कुणाबरोबर पाहणार असाल तर आधी सांगून ठेवा.

'द थिंग'चा खर्च सुमारे दीड कोटी डॉलर होता, याचा सुमारे ३० लाख. हात आखडलेला जागोजागी दिसतो, काही अभिनय कच्चा आहे. तरीही या त्रयीतला सर्वांत स्वतंत्र विचार मला इथेच सापडतो.

पायरी ६ : 'इन द माउथ ऑफ मॅडनेस' एकट्याने पाहा

हा ९५ मिनिटांचा आहे आणि सोबत नसावी असं मी मुद्दाम म्हणते. शेजारी कुणी असलं की आपण "हे काय चाललंय" असं विचारत राहतो, आणि नायकही नेमकं तेच करतो.

जॉन ट्रेंट (सॅम नील) विम्याचे खोटे दावे पकडणारा माणूस. जगात सगळी बनवाबनवी आहे यावर त्याची श्रद्धा. सटर केन नावाचा प्रचंड खपणारा भयकथालेखक बेपत्ता आहे आणि त्याची पुस्तकं वाचून माणसं हिंसक होत आहेत. प्रकाशक ट्रेंटला शोधायला पाठवतो. पुस्तकांच्या मुखपृष्ठांत ट्रेंटला एक नकाशा सापडतो, कोणत्याच नकाशात नसलेल्या हॉब्ज एंड या गावाचा. हॉब्ज एंड हे नावही नायजेल नीलच्या क्वाटरमासकडून आलेलं, आणि चित्रपटाचं शीर्षक लव्हक्राफ्टच्या 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'ची आठवण करून देणारं. गावातल्या हॉटेलचं नाव पिकमन, तेही त्याच्याच कथेतलं. तिन्हींपैकी एकही चित्रपट लव्हक्राफ्टच्या कथेवरून थेट घेतलेला नाही, तरी याच्याइतका लव्हक्राफ्टजवळ दुसरा नाही.

रात्रीच्या प्रवासाचा प्रसंग मी किती वेळा पाहिला, मोजलेलं नाही. ट्रेंट झोपलेला, संपादक लिंडा स्टाइल्स गाडी चालवते आहे, रस्ता ओस. अंधारातून टकटक टकटक आवाज येतो. दिव्यांच्या उजेडात एक मुलगा सायकलवर दिसतो, चाकांच्या तारांत पत्ते खोचलेले, आवाज त्या पत्त्यांचा. गाडी पुढे जाते. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज, तीच सायकल, तेच पत्ते. सायकलवर या वेळी कोण आहे ते तुम्हीच पाहा. मुलं सायकलच्या चाकात पुठ्ठा खोचून फिरवतात तो ओळखीचा आवाज इतका नकोसा होईल असं वाटलं नव्हतं.

अर्ध्यानंतर घटना क्रमाने लावायचा प्रयत्न सोडून द्या. "हे खरं की पुस्तकातलं?" याचं उत्तर चित्रपट देतो, पण ते उत्तर ट्रेंटच्या उपयोगाचं नाही. पहिल्या चित्रपटात शेजारचा माणूस गेला, दुसऱ्यात प्रार्थना आणि प्रयोगशाळा गेली, इथे स्वतःचं डोकंही जातं. म्हणून क्रम बदलू नका.

पायरी ७ : परत पहिल्याकडे या (रहस्यभेद आहे)

तिन्ही झाले की 'द थिंग'ची पहिली वीस मिनिटं पुन्हा लावा.

नॉर्वेजियन माणूस बंदूक रोखून जे ओरडतो ते निरर्थक नाही. मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये तो सांगतो आहे, की लांब व्हा, हा कुत्रा नाही. समोरच्या कुणालाच ती भाषा येत नाही आणि त्यालाच गोळी लागते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच इशारा दिला गेला होता.

मग कुत्र्याकडे पाहा. तो भुंकत नाही, खिडकीतून हेलिकॉप्टर पाहत बसतो. थोड्या वेळाने तो रिकाम्या बोळातून सावकाश चालत येतो, एका दारापाशी थांबतो, आत पाहतो. आत भिंतीवर एका माणसाची सावली आहे. ती कुणाची, हे मुद्दामच ओळखू येऊ दिलेलं नाही. सावली मान वळवते. कुत्रा आत जातो आणि पडदा काळा होतो.